अळंबीचा पत्ता

नवी मुंबईत पत्ता सांगायला नावं लागत नाहीत, आकडे लागतात. सेक्टर २०, प्लॉट ३६, विंग बी, मजला सातवा. १९७० साली सिडको स्थापन झाली, खाडीकाठची भातखाचरं, मिठागरं आणि डोंगरपायथे यांवर १४ नोडांचं शहर आखलं गेलं आणि तेव्हापासून इथे माणसापासून मोकळ्या मैदानापर्यंत सगळ्यांना नंबर आहे. अशा या शहरात एकच वस्तू मला माहीत आहे, जिचा पत्ता कोणी कोणाला सांगत नाही. ती म्हणजे रानातली अळंबी.

हे गुपित पाळण्याची आमच्या घराण्यात जुनी रीत आहे. माझं आजोळ कुडाळजवळ. आषाढ सरत आला, दोन दिवस विजा कडकडून पाऊस झाला आणि मग जरा उघडीप पडली, की मामा पहाटे चारला उठायचा. हातात बॅटरी, डोक्यावर इरलं आणि चेहऱ्यावर 'परसाकडे चाललोय' असा भाव. तासाभराने टोपलीभर अळंबी घेऊन परतायचा तो नेहमी भलत्याच दिशेने. आजीने 'खंय गावली?' विचारलं तरी उत्तर ठरलेलं, 'गावली खंय तरी.' जावयाला टोपलीतला वाटा मिळे, पत्ता नाही. आपलं वारूळ कोणतं, हे मामाने मामीलासुद्धा सांगितलं नव्हतं. मामीचीही स्वतःची दोन वारुळं होती, ती तिने मामाला सांगितली नव्हती. संसार उत्तम झाला.

शिवाय अळंबीकडे बोट दाखवायचं नाही, असा दंडक होता. काकडीच्या कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं म्हणतात, तसंच हे. बोट दाखवलेल्या जागी पुढच्या वर्षी अळंबी येत नाही. इंजिनिअरिंगला गेल्यावर मी याला अंधश्रद्धा म्हणत असे. आता पन्नाशीत शास्त्र कळलं. बोट दाखवलं की ते शेजाऱ्याला दिसतं, आणि मग पुढच्या वर्षी त्या जागी आपल्यासाठी खरोखरच काही उरत नाही.

नावं मात्र हिला भरपूर. कोकणात अळंबी किंवा अळमी. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, म्हणून तिथे ती रोयण अळमी. विदर्भात सात्या. कृषी खात्याच्या पुस्तिकेत अळिंबी. हा शब्द उच्चारताना माणूस आपोआप ताठ बसतो. आणि जी खायची नाही ती उभ्या महाराष्ट्रात एकच, कुत्र्याची छत्री. कुत्र्याने छत्री घेतलेली कोणी पाहिलेली नाही. पण आपल्याकडे जी गोष्ट माणसाच्या कामाची नाही ती कुत्र्याच्या नावावर करून टाकायची पद्धत आहे, आणि कुत्रा हरकत घ्यायला तहसीलदाराकडे जात नाही.

माझी पहिली शिकार ही अशी कुत्र्याच्याच मालकीची निघाली. जुलैतल्या एका सकाळी सोसायटीच्या हिरवळीवर दहा-बारा पांढऱ्याशुभ्र छत्र्या उभ्या होत्या. ताटलीएवढ्या, वर तपकिरी खवले, देठाला सुबक कडं. कोणी केटररने रात्रीतून मांडून ठेवाव्यात तशा. मी फोनमधल्या अॅपला फोटो दाखवला. अॅपने ६२ टक्के खात्रीने सांगितलं की ही खाण्याजोगी आहे. फोन आडवा धरून पुन्हा विचारलं, तेव्हा ५८ टक्के खात्रीने ती विषारी निघाली. तिसऱ्यांदा त्याने मला लॉनवर लावायच्या मोठ्या छत्रीची जाहिरात दाखवली.

मग मी शास्त्राकडे वळलो. अळंबीचं बी म्हणजे बीजाणू, छत्रीखालच्या पडद्यांतून गळणारी भुकटी. तिचा रंग पाहण्याची एक सोपी रीत आहे. देठ कापायचा, टोपी कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची आणि रात्रभर विसरून जायचं. मी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर हा प्रयोग मांडला. सकाळी वाटी उचलली तर पत्रिकेवर फिकट हिरवट रंगाचं सुंदर चक्र उमटलेलं. बायको म्हणाली, 'मेंदीचं डिझाइन आहे का?' डिझाइन नव्हतं, निकालपत्र होतं. हिरवट छाप म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. जगभरच्या हिरवळींवर उगवणारी आणि जगभरच्या हौशी लोकांना रात्रभर संडासाच्या दाराशी बसवणारी. कोवळेपणी तिचे पडदे पांढरे असतात, वय झाल्यावरच आतला हिरवेपणा बाहेर येतो. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब. आमचा वॉचमन तोवर दोन छत्र्या ऑम्लेटसाठी बाजूला काढून बसला होता. त्या मी त्याच्याकडून शंभर रुपयांना विकत घेऊन फेकल्या.

तोच फोटो गावी आईला पाठवला होता. तिचं उत्तर आठ सेकंदांत आलं, 'ह्या काय हाडलंस? कुत्र्याची छत्री ती!' टक्केवारी दिलेली नव्हती.

सोसायटीत मात्र परीक्षकांची कमतरता नव्हती. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, 'शिजवताना लसूण टाका, काळी पडली तर विषारी.' त्यांच्या सौ. म्हणाल्या, 'लसूण नव्हे हो, चांदीचं नाणं.' चौथ्या मजल्याने तांदूळ सुचवले. पाचव्याचं म्हणणं असं की किडा लागलाय ना, मग बिनधास्त खा. किडा मरत नाही म्हणजे आपणही मरत नाही. इथे मी घटकाभर विनोद बाजूला ठेवतो, कारण या चारही परीक्षा साफ खोट्या आहेत. अॅमानिटा जातीतल्या जीवघेण्या अळंब्यांचं विष लसणाला कळत नाही, चांदीला कळत नाही, उकळून जात नाही आणि वाळवूनही जात नाही. खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं आणि तोवर आत यकृत निकामी होत असतं. अशा शंकेत घरगुती काढा नको, थेट रुग्णालय गाठायचं, आणि उरलेली अळंबी पिशवीत घालून सोबत न्यायची.

तेव्हा अॅप, वाटी आणि लसूण अशी तीन विद्यापीठं पालथी घालून मी शेवटी रेल्वे स्टेशनच्या पायऱ्यांशी आलो. खारघरच्या डोंगरावरच्या पाड्यांतून ठाकूर-कातकरी बायका पावसाळाभर इथे रानभाज्या घेऊन बसतात. त्यांच्यातली एक मावशी गेली काही वर्षं माझं चालतंबोलतं पंचांग आहे. तिच्यासमोर शेवळं दिसली की जून लागला. शेवळांबरोबर ती न विचारता काकडं देते, कारण काकडांच्या आंबटपणाशिवाय शेवळं घशाला खाजतात. मग टाकळा, मग फोडशी, कुर्डू, कंटोली. आणि श्रावणाच्या तोंडावर एखाद्या सकाळी सागाच्या पानांवर मांडलेले अळंबीचे वाटे. तराजू नाही. भावात घासाघीस नाही. पन्नास रुपये कमी करा म्हटलं तर ती वाटा उचलून पलीकडच्या पानावर ठेवते आणि तुमच्या मागच्या गिऱ्हाइकाकडे बघते. एवढा आत्मविश्वास मी सराफाच्या पेढीवरही पाहिलेला नाही.

मी एकदा धीर करून विचारलं, 'मावशी, ही ओळखायची कशी?'

तिने एक उचलून माझ्यासमोर उलटीपालटी केली. 'ह्ये बघ दादा, टोपीला मधी टोक हाय. खाली पिशवी नाय. आन् ह्ये मूळ बघ केवढा लांब, खाली वारुळात जातंय.'

'आणि नसलं मूळ तर?'

'तर माझ्याकडं कशाला येल?'

त्या लांब मुळाच्या टोकाला जे आहे, ते कळल्यावर मी आठवडाभर जेवणाच्या टेबलावर दुसरं बोललो नाही. ही अळंबी जमिनीतून उगवत नाही, वाळवीच्या शेतातून उगवते. वाळवी सुका पाला आणि लाकूड आणून, चावून, वारुळाच्या पोटात आपल्या विष्ठेचे पोळ्यासारखे गड्डे रचते आणि त्यावर बुरशी लावते. न पचणारं लाकूड बुरशी कुजवते, मग वाळवी ते खाते. माणूस शेती करू लागला त्याला दहा-बारा हजार वर्षं झाली. वाळवीची ही शेती तीन कोटी वर्षांची. पावसाळ्यात ती बुरशी मूळ लांबवत वर येते आणि छत्री उघडते, तीच आपली अळंबी. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली या कुळाला टर्मिटोमायसिस असं नाव दिलं, म्हणजे वाळवीची बुरशी. आफ्रिकेत झांबियात याच कुळातली एक छत्री मीटरभर रुंद होते. ती बहुधा हत्तीची असावी.

माणसाला ही अळंबी अजून व्यापारी पातळीवर लावता आलेली नाही. वाशीच्या घाऊक बाजारात प्लॅस्टिकच्या डबीत मिळतं ते बटन मशरूम कारखान्यात तयार होतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवर वर्षानुवर्षं संशोधन चालू आहे, धिंगरी तर आता कोणीही घरात पेंढ्यावर पिकवतं. पण ही बया वाळवीशिवाय कोणाच्या हाताला लागत नाही. गोव्यात नंदकुमार कामतांसारखे संशोधक कितीतरी वर्षं सांगत आलेत की वारुळं टिकली तर अळमी टिकतील. आणि आम्ही? आमच्या फ्लॅटला वाळवी लागू नये म्हणून पेस्ट कंट्रोलला पाच वर्षांच्या हमीचे पैसे मोजतो, आणि तिच्याच शेतातला माल आला की स्टेशनवर रांग लावतो. शेतकऱ्याशी असंच वागायचं असतं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

श्रावणात आणखी एक पेच पडतो. अळंबी वाटण लावून केली की कोंबडीच्या तोंडात मारते. खोबरं-कांदा खरपूस भाजून, गरम मसाला, शेवटी दोन आमसुलं. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो आणि तिसरा मजला शंका घेतो. मी ठासून सांगतो, शाकाहारी आहे. पण मनुस्मृतीने लसूण-कांद्याच्या पंगतीतच अळंबीलाही वर्ज्य ठरवून बसवलंय. समोरच्या जैन काकूंना तर जमिनीतून आलेलं म्हटलं की विषयच संपतो. त्यात विज्ञान मदतीला येईल म्हणावं, तर रॉबर्ट व्हिटेकरने १९६९ साली बुरशीला वनस्पतींतून काढून वेगळी सृष्टी बहाल केली, आणि नंतरच्यांनी दाखवलं की नात्याने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची. हे मी घरात सांगितलं नाही. काही पत्ते स्वतःपाशीच ठेवायचे असतात.

साठवणीचं प्रकरण मला शक्य तर वगळायचं होतं. पण एका वर्षी मी हावरटपणाने चार वाटे घेतले. रानची अळंबी दीड दिवसाची पाहुणी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला घाम येतो, तिसऱ्या दिवशी तिच्यात पाहुणे येतात. आजोळी आजी ती धुऊन, मातीचं मूळ खरवडून, उभी चिरून दोऱ्यात ओवायची आणि चुलीवरच्या उतवाशी टांगायची. धुरात आठ दिवसांत खडखडीत. थंडीत त्यातली मूठभर गरम पाण्यात भिजवून कालवणात घातली की पावसाळा पुन्हा घरात यायचा, आणि ते भिजवलेलं पाणीही ती फेकत नसे, रश्शात ओतायची.

मीही हार ओवले. बाल्कनीत टांगले, तर जुलैतल्या नवी मुंबईत कपडे वाळत नाहीत तिथे अळंबी काय वाळणार. वर कबुतरांनी हार पाहून त्यांचा सत्कार आहे असा समज करून घेतला. स्वयंपाकघरात आणून टांगले तेव्हा एक सत्य उमगलं. गावच्या घरात धूर फुकट होता. इथे आम्ही हप्त्यांनी यंत्र घेतलंय, ते केवळ धूर बाहेर फेकण्यासाठी. पंख्याखाली दोन दिवस ठेवले. बायकोचा हेअर ड्रायर लावला. तासाभराने अळंबीला पार्लरमधून आल्यासारखा फुगारा आला आणि ड्रायरला अळंबीचा वास. तो अजून गेलेला नाही. लग्नाला निघताना बायकोच्या केसांना मंद वाटणाची आठवण येते. शेवटी ओव्हन अगदी मंद ठेवून, दाराला लाटणं अडकवून फट ठेवली आणि सहा तास पहारा दिला. ताज्या अळंबीत नव्वद टक्के पाणीच असतं. किलोभर आत गेली, शंभर ग्रॅम बाहेर आली. विजेचं बिल कोरडं नव्हतं.

उरलेला वाटा आईच्या फोनवरच्या हुकमाने मीठ-हळदीच्या पाण्यात उकळून, निथळून, पिशवीत भरून फ्रीझरमध्ये गेला. हीच रीत शहाण्याची. फक्त पिशवीवर नाव लिहायला हवं होतं. गणपतीत बायकोने ती ओलं खोबरं समजून मोदकांच्या सारणासाठी बाहेर काढली, त्यावर अधिक लिहीत नाही.

आता यंदाची गोष्ट.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला एक भगदाड आहे आणि पलीकडे रिकामा प्लॉट. त्यावर सिडकोची पाटी: ही जागा सिडकोच्या मालकीची आहे, अतिक्रमण करणाऱ्यावर कारवाई होईल. नागपंचमीच्या दोन दिवस आधी मी तिथे हरवलेला क्रिकेटचा चेंडू शोधत होतो, आणि पाटीच्या बरोब्बर खाली, वारुळाच्या उतारावर, पाच-सहा टोकदार कळ्या जमिनीतून डोकं काढून उभ्या होत्या. कारवाईला न भिता. माझं बोट उचललं गेलं होतं, ते मी खिशात घातलं.

एक अलगद खणून काढली. मूळ निघता निघेना, वीतभर तरी होतं. ती रुमालात गुंडाळून स्टेशनवर मावशीपुढे धरली. तिने वास घेतला, मूळ चाचपलं. 'खायाची हाय. बाकीच्या परवा फुटतील. कुठं भेटली?'

'डोंगरावर,' मी म्हणालो. माझ्या तोंडून मामा बोलला.

तिने माझ्या बुटांकडे पाहिलं. बुटांना डोंगराची तांबडी माती नव्हती, बिल्डरच्या भरावाची राखी होती. ती काही बोलली नाही.

घरी आलो तर सेक्रेटरी पेस्ट कंट्रोलवाल्याला घेऊन भिंतीकडे निघालेले. 'वाळवीचं मूळ मागच्या प्लॉटवर आहे म्हणतो हा. वारुळातच औषध ओतून टाकू.' क्षणभर काही सुचेना. मग सुचलं. 'ओतू नका. नाग आहे तिथे. मी काल पाहिला.' सेक्रेटरी तीन पावलं मागे आले. पेस्ट कंट्रोलवाला तर गाडीतच जाऊन बसला. वारूळ वाचलं. तीन कोटी वर्षांची शेती मी एका वाक्यात वाचवली, म्हणून मी रात्री स्वतःवर खूश होतो.

नागपंचमीला सकाळी खालून आवाज आले. पाहतो तर सोसायटीच्या झाडून सगळ्या बायका नऊवारी-पाचवारी नेसून, तबकं घेऊन, भगदाडातून एकामागून एक पलीकडे जात होत्या. हळदकुंकू, फुलं, दूध, लाह्या. बी विंगच्या आजींनी पाटीलाही कुंकू लावलं. वारुळाभोवती लाह्यांचा सडा पडला होता आणि त्यातून माझ्या अळंब्या पांढऱ्या टोप्या घालून उभ्या होत्या, पूर्ण फुललेल्या, आरती ऐकत. मी सुरी आणि टोपली घेऊन भिंतीशी उभा. बायको तबक घेऊन परत येताना म्हणाली, 'आज काही चिरायचं नाही, खणायचं नाही. नागाला लागतं.' नाग मीच आणला होता. बोलणार काय?

दुसऱ्या दिवशी मी पहाटे पाचला उठलो. बॅटरी घेतली. वारुळापाशी गेलो तर तिथे एकही अळंबी नव्हती. ओरबाडलेलं नव्हतं, तुडवलेलं नव्हतं. मुळाशी नीट उकरून, माती पुन्हा बसवून ठेवली होती, पुढच्या वर्षीसाठी ठेवतात तशी.

सात वाजता स्टेशनवर मावशी बसली होती. समोर सागाच्या पानावर एकच मोठा वाटा.

'मावशी, कुठली?'

'डोंगरावरची,' ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. सर्वांत मोठ्या अळंबीच्या मुळाला एक लाही चिकटली होती.

'किती?'

'तीनशे.'

मी पैसे मोजले. तिने वाटा बांधताना ती लाही हलकेच नखाने काढली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, 'दादा, बूट धुऊन येत जा.'